कनेलो-क्रॉफर्ड: माझ्या वहीत ११६-११२, तुमच्या?

रविवारची_वही
२१ डिसेंबर २०२५, सकाळी १०.४०

मंडळी, अमेरिकन बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्डने १६ तारखेला निवृत्ती जाहीर केली. ४२ लढती, ४२ विजय, आणि शेवटचा विजय मेक्सिकोच्या कनेलो अल्वारेझवर. बातमी वाचली आणि कपाटातून वही काढली.

वहीची गोष्ट जुनी आहे. २०१५ साली मेवेदर-पॅकियाओ पाहताना मी आणि बाबा इतके भांडलो की आईने टीव्हीच बंद केला. तेव्हापासून नियम असा की प्रत्येक फेरी संपली की गप्प बसून आपापल्या कागदावर आकडे मांडायचे आणि बारा फेऱ्या झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बाबा पाठकोऱ्या कागदावर लिहितात आणि हरवतात. मी वहीत लिहितो.

१४ सप्टेंबरचं पान समोर आहे. आपल्याकडे रविवारची सकाळ, लास वेगासला शनिवारची रात्र. स्टेडियमात ७०,४८२ माणसं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कनेलोची असावीत, निदान आवाजावरून तरी. माझा हिशेब ११६-११२ क्रॉफर्ड. अधिकृत निकाल ११६-११२, ११५-११३, ११५-११३, तिन्ही क्रॉफर्डच्या बाजूने.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा या वर्षातला सगळ्यात मोठा विजय होता आणि आपल्याकडे त्याची हवी तशी चर्चाच झाली नाही. या माणसाने २०१४ साली ग्लासगोला पहिला जागतिक पट्टा घेतला तो ६१ किलो गटात. कनेलोशी लढला ७६ किलोत, तेही आधीच्या लढतीनंतर मधला एक गट ओलांडून, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. आणि पळून पळून जिंकला नाही. शेवटच्या फेऱ्यांत कनेलोच्या समोर उभा राहून देवाणघेवाण केली. डावखुऱ्या पवित्र्यातला तो उजवा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, कनेलोला बारा फेऱ्यांत उलगडला नाही.

तुमच्या वह्या काढा. कोणाच्या मते कनेलो जिंकला?


कोल्हापुरी_लांग
२१ डिसेंबर, सकाळी ११.१५

माझ्या मते कोणीच जिंकला नाही. बारा फेऱ्या नाचायचं आणि मग तीन माणसं कागद बघून सांगणार कोण जिंकलं! आमच्याकडं खासबागेत असं झालं असतं तर पब्लिकनं "निकाली करा, निकाली करा" म्हणून मैदान डोक्यावर घेतलं असतं. पाठ लागली की कुस्ती संपली. त्याला वही लागत नाही भावा.

आणि कनेलोचं नाव काढू नका. ४ मेच्या रविवारी सकाळी मिसळ सोडून त्याची स्कलबरोबरची लढत बघितली. ३६ मिनिटांत दोघांनी मिळून ४४५ ठोसे फेकले. लागलेले नाही, फेकलेले! बारा फेऱ्यांच्या लढतींची मोजणी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी आकडा म्हणे. माझी आजी भाकऱ्या थापताना याहून जास्त हात चालवायची.


रविवारची_वही
२१ डिसेंबर, सकाळी ११.२२

स्कलच्या लढतीबद्दल पूर्ण सहमत. त्या पानावर माझ्या वहीत सहाव्या फेरीपुढे चहाचा डाग आहे आणि पुढे काहीच नाही.

पण त्यात कनेलोचा दोष किती? स्कल बारा फेऱ्या रिंगणाला प्रदक्षिणा घालत होता. टाळी एका हाताने वाजत नाही.


बेरीज_वजाबाकी
२१ डिसेंबर, दुपारी १२.०५

आकडे निघालेच आहेत म्हणून एक गंमत सांगतो. नव्याने पाहणाऱ्यांसाठी आधी नियम. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. म्हणजे साध्या फेरीची बेरीज १९ आणि बारा फेऱ्यांची २२८. आता कनेलो-क्रॉफर्ड बघा: ११६ अधिक ११२, बरोबर २२८. ११५ अधिक ११३, पुन्हा २२८. लढत न पाहताही कळतं की कोणी खाली पडलं नाही आणि कोणाचा गुण कापला गेला नाही.

आता १८ मे २०२४, रियाध, उसिक विरुद्ध फ्युरी, पहिली लढत. एका पंचाने ११५-११२ उसिक, दुसऱ्याने ११४-११३ उसिक, तिसऱ्याने ११४-११३ फ्युरी. तिन्ही बेरजा २२७. एक गुण गेला कुठे? नवव्या फेरीत. उसिकने ठोशांची सरबत्ती लावली, फ्युरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर आपटत होता, आणि रेफ्रीने मध्ये पडून उभ्या उभ्याच आठपर्यंत आकडे मोजले. दोर नसते तर तो जमिनीवर असता, म्हणून तो नॉकडाऊन धरला. ती फेरी १०-८.

मोजणी झाली नसती आणि ती फेरी साधी १०-९ गेली असती, तर फ्युरीला प्रत्येक कागदावर एकेक गुण वाढवून द्या. ११५-११३ उसिक. ११४-११४. ११५-११३ फ्युरी. एक इकडे, एक तिकडे, एक मध्ये. लढत बरोबरीत!

चोवीस वर्षांनी हेवीवेटला निर्विवाद विजेता मिळाला, तो त्या आठ आकड्यांवर. लेनॉक्स लुईसनंतर कोणीच नव्हता.


रविवारची_वही
२१ डिसेंबर, दुपारी १२.११

दंडवत! दहा वर्षं वही लिहितोय, कधी उभी बेरीजच मारली नाही.


गणू_मास्तर
२१ डिसेंबर, दुपारी १२.३०

एक विनंती. 'पंचांनी पंच मोजले' अशी वाक्यं टाळा. आपल्या भाषेत न्याय देणारा तो पंच आणि तोंडावर बसतो तोही पंच, त्यामुळे काल एका बातमीत 'पंचांचा वर्षाव' वाचून मला तीन म्हातारे आकाशातून पडताना दिसले. ठोसा, गुद्दा, बुक्की, ठोकर, चापट, धपाटा, रट्टा... मराठी या बाबतीत श्रीमंत आहे.


कोल्हापुरी_लांग
२१ डिसेंबर, दुपारी १२.३४

मास्तर, 'बुकलणे' राहिलं.


डॅलसची_माहेरवाशीण
२१ डिसेंबर, दुपारी १.४८

अर्ध्या रात्री जागून वाचतेय हा धागा. लढतींची सगळी नावं पुरुषांचीच दिसताहेत म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी १५ नोव्हेंबरला मी आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये होते. नवऱ्याला टायसन बघायचा होता. त्याच्या लहानपणी भिंतीवर त्याचं पोस्टर होतं म्हणे. सगळ्यात वरच्या रांगेतली तिकिटं, रिंगण म्हणजे काडेपेटीएवढं दिसत होतं. टायसन आणि यूट्यूबर जेक पॉल यांच्या लढतीत काय झालं ते जगाने पाहिलं. ५८ वर्षांचा माणूस, दोन दोन मिनिटांच्या फेऱ्या, शेवटी लोक हुर्यो करत बाहेर पडायला लागले. नवरा गाडीत एक शब्द बोलला नाही.

पण त्याआधी केटी टेलर आणि अमांडा सेरानो! दहा फेऱ्या, त्याही दोन मिनिटांच्याच, पण एकही फुकट गेली नाही. डोक्याला डोकं लागून सेरानोच्या उजव्या डोळ्यावर इतकी खोक पडली की मला वाटलं आता डॉक्टर थांबवणार. थांबवलं नाही. ती रक्त पुसत पुढे येतच राहिली. टेलर मागे सरकायची, मग दोन-तीन झटपट हात, पुन्हा मिठी. निकाल तिन्ही कागदांवर ९५-९४ टेलर, आणि अख्खं स्टेडियम ओरडलं. मीही ओरडले. माझ्या मते सेरानो जिंकली होती. आजही तेच मत आहे.

यंदा जुलैत न्यूयॉर्कला तिसऱ्यांदा भेटल्या तेव्हा टेलर लांब राहून शहाण्यासारखी लढली आणि बहुमताने जिंकली. ती मात्र मान्य.


बेरीज_वजाबाकी
२१ डिसेंबर, दुपारी २.०२

ताई, तुमच्या लढतीची बेरीज: ९५ अधिक ९४, १८९. दहा फेऱ्यांची व्हायला हवी १९०. तो एक गुण टेलरचाच कापला होता, आठव्या फेरीत, डोकं लावल्याबद्दल. म्हणजे तिन्ही पंचांच्या मते तिने दहातल्या सहा फेऱ्या जिंकल्या होत्या आणि दंड भरूनही ती वाचली.


डॅलसची_माहेरवाशीण
२१ डिसेंबर, दुपारी २.०९

तुमची बेरीज बरोबर आहे. सहा फेऱ्या मात्र नव्हत्या हो.


नवखा_नाशिककर
२१ डिसेंबर, दुपारी ३.२०

मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. 'निर्विवाद विजेता' म्हणजे काय? बाकीचे वादग्रस्त असतात का? आणि एका गटाला चार चार जागतिक विजेते कसे? मी नेटफ्लिक्समुळे पाहायला लागलोय, रिंगणात पट्टे घेऊन येणारी माणसं बघून सत्यनारायणाला शेजारी जमतात तसं वाटतं.


तिसरी_दोरी
२१ डिसेंबर, दुपारी ४.१०

प्रश्न मूर्ख नाही, व्यवस्था तशी आहे.

चार संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. चौघींचे पट्टे वेगळे, क्रमवारी वेगळी. चारही पट्टे एकाच्या कमरेला आले की तो निर्विवाद. पुरुषांत तीन वेगवेगळ्या गटांत हे करणारा क्रॉफर्ड पहिलाच. २०१७ मध्ये १४० पौंड, २०२३ मध्ये स्पेन्सला बुकलून (मास्तरांची परवानगी गृहीत धरतो) १४७ पौंड, आणि यंदा १६८.

पट्टे एकत्र येतात पण टिकत नाहीत. प्रत्येक संघटना आपला दावेदार पुढे करते आणि म्हणते, आधी याच्याशी लढ. उसिकने पहिल्यांदा फ्युरीला हरवलं आणि महिन्या-दीड महिन्यात आयबीएफचा पट्टा सोडून दिला. तो गेला डुब्वाकडे. डुब्वाने त्या पट्ट्यासाठी वेम्बलीवर जोशुआला पाच फेऱ्यांत लोळवलं. मग यंदा १९ जुलैला त्याच वेम्बलीवर, पाचव्याच फेरीत, उसिकने डुब्वाला झोपवून पट्टा परत आणला. आणि नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूबीओचा सोडला! तो घरबसल्या वॉर्डलीला मिळाला.

शिवाय प्रत्येक संघटना मानधनातून आपला वाटा घेते. या महिन्यात डब्ल्यूबीसीने क्रॉफर्डचा पट्टा काढून घेतला तो त्यावरूनच. नेहमीचे तीन टक्के सोडून ०.६ टक्के मागितले होते, त्याने तेही दिले नाहीत. मला यात त्याचंच पटतं. ठोसे याने खायचे आणि दक्षिणा यांना.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. याच वर्षी एक महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरला झाला आणि दुसरा कर्जतला. संघटना दोन, गदा दोन.


कोल्हापुरी_लांग
२१ डिसेंबर, दुपारी ४.१८

जखमेवर मीठ चोळू नका राव.


बेरीज_वजाबाकी
२१ डिसेंबर, दुपारी ४.२५

आणि लांग, 'पाठ लागली की संपली' म्हणालास ना? अहिल्यानगरला पाठ लागली का नाही यावरूनच पंचाला लाथ बसली होती. व्हिडिओ आठवतो ना?


कोल्हापुरी_लांग
२१ डिसेंबर, दुपारी ४.२६

धाग्याचा विषय बॉक्सिंग आहे.


मांडवीकाठ
२१ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

आमच्या पणजीत पण एक झाली होती, कोणाला आठवते का? १९ मार्च २०२१. विजेंदर सिंग विरुद्ध रशियाचा लोपसान. रिंगण कुठे, तर मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर! मी काठावरून फक्त दिवे पाहिले. माझा मित्र आत कामाला होता, तो रात्री फोन करून सांगत होता.

विजेंदर तोवर बारापैकी बारा जिंकलेला. पण मधे दीड वर्ष लढलाच नव्हता. लोपसान उंच, हात लांब. पाचव्या फेरीत लढत थांबवली. पहिला पराभव, आणि तो आमच्या नदीवर. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात जो तो मुष्टियुद्धाचा जाणकार झालेला. एक बाई म्हणाली, जहाज हलले असणार.


वरळी_नाका
२१ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

विजेंदरचा चांगला काळ मी पाहिलाय. ५ ऑगस्ट २०१७, वरळीचं एनएससीआय स्टेडियम. समोर चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. तेव्हा डोकलामचा ताण चालू होता, त्यामुळे आत बॉक्सिंगपेक्षा सीमेवरचं वातावरण जास्त. झुल्पिकारचे हात सारखे कमरेखाली जात होते आणि प्रत्येक वेळी हॉल उसळायचा. विजेंदर दहा फेऱ्यांनंतर एकमताने जिंकला, पण निकालापर्यंत माझ्या मुठी आवळलेल्याच होत्या. जिंकल्यावर माइक घेऊन म्हणाला की सीमेवर शांतता हवी, हा पट्टा मी परत द्यायला तयार आहे. ज्यांनी चार मिनिटांपूर्वी शिव्या घातल्या होत्या त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

आठ वर्षं झाली. मुंबईत तशी रात्र पुन्हा पाहिली नाही. आपल्याकडे चांगला मुलगा निघाला की तो सेनादलात किंवा रेल्वेत जातो, ऑलिम्पिकची तयारी करतो. त्यात त्याची चूक नाही. पगार, पेन्शन, क्वार्टर कोण सोडेल? व्यावसायिक व्हायचं तर चार फेऱ्यांची लढत, हातात थोडे पैसे आणि पुढची कधी ते माहीत नाही.

म्हणून निशांत देवकडे लक्ष ठेवा. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या वेर्देविरुद्ध ज्याचा निकाल आपल्याला पचला नाही तोच. यंदा २५ जानेवारीला लास वेगासला व्यावसायिक म्हणून पहिली लढत खेळला आणि पहिल्याच फेरीत संपवली. डावखुरा आहे, पायात लय आहे.


रविवारची_वही
२१ डिसेंबर, संध्याकाळी ६.५२

पॅरिसची ती लढत माझ्या वहीत निशांतकडे आहे, लाल शाईने. पण खरं सांगू का, ती मी शांत डोक्याने पाहिलीच नव्हती.


जेन_झी_जॅब
२१ डिसेंबर, रात्री ८.१५

काका लोक, वर्षाची लढत काल झाली आणि तुम्ही सप्टेंबरात अडकलाय. जोशुआ विरुद्ध जेक पॉल! आमच्या हॉस्टेलवर शनिवारी सकाळी चाळीस जण एका प्रोजेक्टरसमोर होते. जबडा दोन ठिकाणी मोडला पॉलभावाचा. तरी सहाव्या फेरीपर्यंत टिकला, याचं कौतुक नको?


तिसरी_दोरी
२१ डिसेंबर, रात्री ८.२७

टिकला म्हणजे काय केलं? चार फेऱ्या मोठ्या रिंगणात पळाला आणि जोशुआ जवळ आला की गुडघ्यांना मिठी मारली. रेफ्रीसुद्धा वैतागून दोघांना बोलला. पाचवीत दोनदा पडला, सहावीत संपला. एक ऑलिम्पिक सुवर्णवाला, दोनदाचा हेवीवेट विजेता, सव्वीस-सत्तावीस पौंडांनी जड. ही सर्कस भरवणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती.


जेन_झी_जॅब
२१ डिसेंबर, रात्री ८.३५

मग नीरज गोयतबद्दल बोला. टायसन-पॉलच्या रात्रीच त्याच कार्यक्रमात आपला माणूस लढला ना? त्याच 'सर्कशीत'. ब्राझीलच्या यूट्यूबरला हरवून आला. दहा वर्षं खऱ्या बॉक्सिंगमध्ये त्याला कोण ओळखत होतं? आणि डॅलसताईंना सेरानो-टेलर दिसली तीपण त्याच तिकिटावर.


डॅलसची_माहेरवाशीण
२१ डिसेंबर, रात्री ८.५८

हे मात्र खरं आहे. माझा नवरा नुसत्या टेलर-सेरानोसाठी कधी आला नसता. मीही नसते आले.


तिसरी_दोरी
२१ डिसेंबर, रात्री ९.०४

हा मुद्दा मान्य. बाकी माघार नाही.


ड्युटीवरचा_डॉक्टर
२१ डिसेंबर, रात्री ११.४०

जबडा मोडल्यावर हसणाऱ्या स्मायली पाहिल्या म्हणून लिहितोय. जबडा जुळतो.

२ ऑगस्टला टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच संध्याकाळी दोन मुलं लढली, वेगवेगळ्या लढतींत. शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा. दोघंही २८ वर्षांचे. कोतारी बारा फेऱ्या पूर्ण करून बरोबरी घेऊन उतरला आणि नंतर शुद्ध हरपली. दोघांच्या कवटीत रक्तस्राव, दोघांवर शस्त्रक्रिया, आठवडाभरात दोघंही गेले. त्यानंतर जपानमधल्या आशिया-पॅसिफिक पट्ट्याच्या लढती बाराऐवजी दहा फेऱ्यांच्या करायचं ठरलं.

बारा फेऱ्यासुद्धा अशाच आल्यात. आधी पंधरा असायच्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडला आणि वाचला नाही. पुढच्या वर्षापासून डब्ल्यूबीसीने बारा केल्या, मग बाकीचे आले.

मेंदू आणि त्याच्या आवरणामध्ये बारीक शिरा असतात. डोकं झटक्यात फिरलं की त्या ताणल्या जातात, तुटतात. रक्त हळूहळू साठतं, म्हणून माणूस चालत कोपऱ्यात येतो, बोलतो, आणि तासाभराने कोसळतो. त्यामुळे 'अजून उभा होता, उगाच थांबवली' हे वाक्य वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

मीही पाहतो. मेमध्ये सोमवारी सकाळी ओपीडीच्या आधी इनोउएची लढत पाहिली. दुसऱ्या फेरीत कार्डेनासने त्याला पाडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. आठव्यात त्याने कार्डेनासला संपवलं, तेव्हा आनंदही झाला. हे दोन्ही एकाच डोक्यात कसं राहतं ते मला सांगता येणार नाही.


वरळी_नाका
२१ डिसेंबर, रात्री ११.५५

डॉक्टर, स्मायली माझीच होती. काढली.


जिल्हा_पंच_निवृत्त
२२ डिसेंबर, सकाळी ७.३०

मूळ प्रश्नाकडे येतो. मी बावीस वर्षं शालेय आणि जिल्हा स्पर्धांत पंच होतो. हौशी बॉक्सिंग, व्यावसायिक नाही, पण खुर्ची तीच.

टीव्हीवर तुम्हाला दिसतं ते पंचाला दिसत नाही. तो एका बाजूला बसलेला असतो. बॉक्सरची पाठ त्याच्याकडे असेल त्या क्षणी ठोसा लागला की हातावर अडला हे त्याला मानेच्या झटक्यावरून ओळखावं लागतं. म्हणून तीन पंच तीन बाजूंना. याचा अर्थ सगळं माफ असा नाही. २०१७ साली कनेलो-गोलोव्किन लढतीत एका बाईंनी कनेलोला ११८-११० दिले होते. ते कुठल्याच बाजूने दिसणं शक्य नव्हतं. दुसऱ्या पंचाने त्याच लढतीत ११५-११३ गोलोव्किनला दिले. लढत बरोबरीत गेली.

उलट टीव्हीवाल्यांना जे ऐकू येतं ते पंचाने ऐकायचं नसतं. समालोचक एकदा म्हणाला की 'कनेलोचा जबरदस्त हुक', की तो हुक तुमच्या डोक्यात लागतो, मग तो क्रॉफर्डच्या दंडावर का लागला असेना. आणि सत्तर हजार लोकांची आरोळी वेगळीच. ठोसे मोजणाऱ्या आकडेवारीवरही विसंबू नका. तिथेही दोन माणसं रिंगणाशेजारी बसून बटणंच दाबत असतात, एका बॉक्सरला एक माणूस. त्या रात्री त्यांनी क्रॉफर्डचे ११५ लागलेले मोजले, कनेलोचे ९९. बारा फेऱ्यांत सोळाचा फरक, म्हणजे फेरीला दीड ठोसाही नाही. यावरून कोण कुठली फेरी जिंकलं ते कसं ठरवणार?

तेव्हा वहीवाले, तुमच्या ११६-११२ बद्दल माझी तक्रार नाही. फक्त एकदा आवाज पूर्ण बंद करून ती लढत पुन्हा पहा आणि नवा कागद घ्या. जुनं पान आधी उघडायचं नाही.


रविवारची_वही
२२ डिसेंबर, सकाळी ७.५०

सर, आव्हान स्वीकारलं. वडिलांनाही बसवतो. येत्या रविवारी.


नवखा_नाशिककर
२२ डिसेंबर, सकाळी ९.१०

मीपण करणार. आकडे इथेच टाकू ना?


कोल्हापुरी_लांग
२२ डिसेंबर, सकाळी ९.३०

मी पण. पण वही नाही, मी भिंतीवर कोळशानं लिहिणार.


रविवारची_वही
२८ डिसेंबर, सकाळी ११.०५

झालं. आवाज बंद, पडदे ओढलेले, आईला आधीच सांगून ठेवलेलं.

पहिल्यांदा फार चुकल्यासारखं वाटलं. आवाज नसला की कनेलो लहान दिसतो. सप्टेंबरात मला त्याचे बरगड्यांवरचे ठोसे घातक वाटले होते, आणि तरीही मी त्याला चारच फेऱ्या दिल्या होत्या. आज पाहिलं तर त्यातले बरेच क्रॉफर्डच्या कोपरावर आहेत. पण क्रॉफर्डचंही तसंच निघालं. ज्या दोन फेऱ्या मी तेव्हा डोळे झाकून त्याला दिल्या होत्या, त्यातल्या एकीत तो फक्त सुंदर हलतोय, मारत काहीच नाही. चौथी मी कनेलोला दिली. नवव्या फेरीवर मी अजून घुटमळतोय, पण लिहून टाकली आहे.

नवा हिशेब ११५-११३ क्रॉफर्ड. म्हणजे एक फेरी फिरली, निकाल तोच.

बाबांचा कागद या वेळी हरवला नाही. ११५-११४ क्रॉफर्ड.


बेरीज_वजाबाकी
२८ डिसेंबर, सकाळी ११.१२

११५ अधिक ११४ म्हणजे २२९. काकांनी एक फेरी १०-१० दिली आहे. कुठली?


रविवारची_वही
२८ डिसेंबर, सकाळी ११.३१

विचारलं. सातवी. तेव्हा दूधवाला आला होता.